विम एकच, फाइली अनेक: वाचकांचे प्रश्न

विम म्हणजे टर्मिनलमध्ये चालणारा, कीबोर्डवरच्या आज्ञांनी मजकूर लिहायचा-बदलायचा एडिटर. गेल्या अंकात त्यातल्या शोध-बदलावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच: एका फाइलीचं ठीक आहे, पण आमच्याकडे फाइली दहा आहेत, त्यांचं काय? म्हणून हा महिना त्या दहा फाइलींचा.

आज्ञा छापण्याची या सदराची रीत जुन्या वाचकांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगते. बँकेच्या सर्व्हर-खोलीत होते तेव्हा तालुक्याच्या शाखांना फोनवरून आज्ञा सांगाव्या लागत. तशाच इथे लिहिते, उच्चाराप्रमाणे. ‘:एलएस’ म्हणजे आधी कोलन, मग एल, मग एस, मग एन्टर. अक्षर कॅपिटल असेल तर ‘मोठा’ म्हणेन, नाहीतर लहानच समजा. आणि सगळ्याच्या आधी एस्केप दाबलेलं आहे हे धरून चाला.

प्रश्न: ताई, मी तिसऱ्या वर्षाला आहे. एसटीच्या आरक्षणाचा मिनी-प्रोजेक्ट सी भाषेत करतेय. मेन, सीट, तिकीट, भाडं अशा वेगळ्या फाइली आणि त्यांच्या हेडर फाइली. प्रत्येकीसाठी वेगळं टर्मिनल उघडते. एकीतलं फंक्शन दुसरीत न्यायचं तर माउसने कॉपी करते, मग ओळींचे आकडेही सोबत येतात. मधूनच इंग्रजीत मोठं ‘अटेन्शन’ येतं, तेव्हा मी ई दाबून पुढे जाते. हे सगळं एकाच विममध्ये होतं का?
— एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर: होतं. पण आधी तो ई दाबणं बंद कर. त्या संदेशाचा क्रमांक ई ३२५. फाइल उघडली की विम तिच्या शेजारी एक लपलेली स्वॅप फाइल करून ठेवतो. तीच फाइल दुसऱ्या टर्मिनलात उघडलीस की त्याला ती स्वॅप फाइल दिसते आणि तो ओरडतो. संदेश नीट वाचलास तर प्रोसेसच्या क्रमांकापुढे ‘स्टिल रनिंग’ असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे ती फाइल तू आत्ता दुसरीकडे उघडून बसली आहेस. तिथे ई म्हणजे ‘तरीही बदलू दे’. मग एकाच फाइलीच्या दोन प्रती दोन टर्मिनलांत वेगवेगळ्या बदलत जातात. दुसरी प्रत सेव्ह करताना विम पुन्हा विचारतो की फाइल वाचल्यानंतर ती बदलली आहे, खरंच लिहू का? घाईत वाय दाबलंस की पहिल्या टर्मिनलातलं काम गेलं. अशा वेळी क्यू दाबून बाहेर ये आणि आधी उघडलेलं टर्मिनल शोध. कंट्रोल-झेडने थांबवून विसरलेला विमही असा सापडतो. शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलात आज्ञा देतो तिथे, ‘एफजी’ लिहिलंस की परत येतो.

आता एकच विम. फोल्डरमध्ये जा आणि ‘विम’ लिहून पुढे सगळ्या फाइलींची नावं दे, किंवा फुली-तारा, म्हणजे ॲस्टरिस्क, टाकून डॉट सी आणि डॉट एच दोन्ही दे. पडद्यावर पहिली फाइल दिसेल, बाकीच्या कुठे गेल्या असं वाटेल. ‘:एलएस’ दे. यादी येईल: प्रत्येक फाइलीला एक क्रमांक, मग काही चिन्हं, मग नाव. टक्क्याचं चिन्ह म्हणजे आत्ता समोर असलेली. हॅश म्हणजे याआधी जिच्यात होतीस ती. अधिकचं चिन्ह म्हणजे बदल केलेत पण सेव्ह नाहीत. यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक बफर. या शब्दाशी मैत्री कर, कारण विममध्ये फाइल म्हणजे बफर, आणि बफर दिसत नसला तरी असतो.

जायचं कसं? ‘:बी’ आणि क्रमांक, उदाहरणार्थ ‘:बी ३’. पण क्रमांक पाठ कशाला करायचे? ‘:बी’, जागा (म्हणजे स्पेस), नावाचा एखादा तुकडा आणि टॅब. ‘भाडं’ची फाइल एकच असेल तर टॅबशिवायही एन्टर चालतं. ‘तिकीट’ लिहिलंस तर मात्र डॉट सी आणि डॉट एच दोन्ही जुळतात, विम ई ९३ देऊन सांगतो की एकाहून जास्त जुळल्या. टॅब दाबत राहा, हवी ती येते. ‘:बीएन’ पुढची आणि ‘:बीपी’ मागची. या दोन आज्ञा सगळे आधी शिकवतात. मी शेवटी सांगते, कारण चारापेक्षा जास्त फाइली झाल्या की पुढे-पुढे करत जाणं म्हणजे वेळ घालवणं.

खरी किल्ली कंट्रोल-६. हॅशच्या चिन्हाची जी फाइल, तिच्यात ती नेते. पुन्हा दाबलं की परत. सी फाइल आणि तिचा हेडर, किंवा फंक्शन आणि त्याला बोलावणारी जागा, प्रोग्राम लिहिणाऱ्याचं निम्मं येणं-जाणं अशा जोड्यांतच असतं. आठवडाभर ही एकच किल्ली वापर, बाकी नंतर शिक.

पहिल्याच दिवशी एक अडथळा येईल, म्हणून आत्ताच सांगते. फाइलीत बदल करून सेव्ह न करता दुसरीकडे जायला गेलीस की ई ३७: शेवटच्या बदलानंतर लिहिलेलं नाही, पुढे उद्गारचिन्ह लाव. मुलं ते उद्गारचिन्ह सवयीने लावतात, आणि ‘:ई’ किंवा ‘:एन’ला ते लावलं की केलेला बदल हरवतात! त्याऐवजी घरच्या फोल्डरमधल्या ‘डॉट विमआरसी’ फाइलीत एक ओळ घाल: ‘सेट हिडन’. मग विम न सेव्ह केलेला बफर मागे ठेवून पुढे जाऊ देतो. निओविममध्ये, म्हणजे विमपासूनच निघालेल्या नव्या एडिटरात, हे आधीपासून चालू असतं, विममध्ये आपल्याला करावं लागतं. याची दुसरी बाजूही आहे. बदललेले बफर नजरेआड असतात, म्हणून बाहेर पडताना ‘:क्यूए’ आणि उद्गारचिन्ह ही जोडी कधीही सवयीने मारू नकोस. ‘:डब्ल्यूए’ने सगळ्या बदललेल्या फाइली सेव्ह होतात, ‘:एक्सए’ने सेव्ह होऊन विमही बंद होतो. नुसतं ‘:क्यू’ दिलंस आणि मागे कुठे बदल राहिला असेल, तर ई १६२ येतो आणि कुठल्या फाइलीत राहिला तेही सांगतो. यादीतल्या फाइली न बघताच निघालीस तर ई १७३ येईल, इतक्या फाइली अजून बाकी आहेत म्हणून. ती नुसती आठवण आहे. पुन्हा ‘:क्यू’ दे, विम सोडेल.

आणि माउस. एकाच विममध्ये आलीस की त्याची गरजच उरत नाही, कारण रजिस्टर, म्हणजे उचललेला मजकूर विम जिथे ठेवतो त्या जागा, सगळ्या बफरांना मिळून एकच असतात. सीटच्या फाइलीत दहा ओळी ‘१० वाय वाय’ने उचल, कंट्रोल-६ दाब, पी दाब. ओळींचे आकडे येत नाहीत, टॅबच्या जागी स्पेस होत नाही. वेगवेगळ्या टर्मिनलांतल्या विमचे रजिस्टर वेगळे होते, म्हणून तुला माउस लागत होता.

हेडरसाठी आणखी एक, ही आवडेल. इन्क्लूडच्या ओळीत ‘सीट डॉट एच’ या नावावर कर्सर ठेव आणि जी-एफ दाब. थेट ती फाइल उघडते. परत यायला कंट्रोल-ओ. ‘स्टडीआयओ’वर करून बघ, लिनक्सवर सी-च्या हेडर फाइली असतील तर थेट ‘यूएसआर’मधल्या ‘इन्क्लूड’ फोल्डरात पोचशील. तिथे वाच, काही बदलू नकोस. साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिता येत नाही हे तुझ्या पथ्यावरच आहे.

प्रश्न: मॅडम, आमच्याकडे एनजिनएक्स या वेबसर्व्हरच्या पंधरा-सोळा साइटच्या कॉन्फिग फाइली आहेत. मी ‘विम -पी’ लावून सगळ्या टॅबमध्ये उघडतो, पण टॅब दहाच येतात. सर्व्हरमध्ये काही बिघाड आहे का? शिवाय आमच्या होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमध्ये ब्राउझरमधूनच टर्मिनल उघडतं. तिथे विंडो बदलायला कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की अख्खं पानच बंद होतं.
— सिस्टीम ॲडमिन, नांदेड

उत्तर: बिघाड नाही. ‘टॅबपेजमॅक्स’ नावाचं सेटिंग आहे, सर्व्हरांवर सहसा असलेल्या विममध्ये त्याची मूळ किंमत १० आणि निओविममध्ये ५०. ‘सेट टॅबपेजमॅक्स=३०’ विमआरसीत घाला, सगळे टॅब येतील. उरलेल्या फाइली आत्ताही कुठे गेलेल्या नाहीत. ‘:एलएस’ करा, सोळाच्या सोळा दिसतील. टॅब दहा होते, बफर सोळा.

पण तुम्ही तीस टॅब उघडावेत असं मला मुळीच वाटत नाही. टॅब म्हणजे फाइल हा समज ब्राउझरमधून येतो. बँकेतलं उदाहरण घ्या. बफर म्हणजे तिजोरीतून बाहेर काढलेली खतावणी. विंडो म्हणजे खतावणी जिथे उघडी ठेवून वाचतो ती जागा. एकच खतावणी दोन पानांवर एकाच वेळी बघायची तर विमला दोन जागा देता येतात. टॅब म्हणजे अशा उघड्या जागा मांडलेलं टेबल. एका टेबलावर एकच खतावणी ठेवून सोळा टेबलं मांडली तर चालताना पाय दुखणारच.

टॅब कामाप्रमाणे करा. एका टॅबमध्ये मुख्य कॉन्फिग आणि ज्या साइटवर काम चाललंय ती, शेजारी-शेजारी. दुसऱ्या टॅबमध्ये एरर लॉग. जी-टी पुढचा टॅब, जी आणि मोठा टी मागचा, ‘३ जी-टी’ तिसरा. बाकीच्या साइट ‘:बी’ आणि नावाच्या तुकड्याने बोलवा. कॉन्फिगची नावं डोमेनवरून असतात, त्यामुळे तीन-चार अक्षरांत जुळतात.

कंट्रोल-डब्ल्यूचा त्रास खरा आहे. ब्राउझर ती किल्ली विमपर्यंत पोचूच देत नाही. तिथे ‘:विनसीएमडी’ ही आज्ञा वापरा: ‘:विनसीएमडी डब्ल्यू’ पुढच्या विंडोत, ‘:विनसीएमडी एच’ डावीकडे, एल उजवीकडे, जे खाली, के वर. ‘:विनसी’ इतकंही पुरतं. रोज त्याच पॅनेलमधून काम असेल तर विमआरसीत दुसऱ्या एखाद्या किल्लीला हे जोडून टाका. त्याहून बरं म्हणजे एसएसएच, म्हणजे आपल्याच टर्मिनलमधून सर्व्हरवर शिरायची सोय, मिळवा. हो, आणि टाइप करता करता, म्हणजे इन्सर्ट मोडमध्ये, कंट्रोल-डब्ल्यू मागचा शब्द खोडतो. ब्राउझरमध्ये ती सवयही महागात पडते.

प्रश्न: ऐंशीच्या दशकात मी मुंबईत युनिक्सच्या मशिनवर व्हीआय, म्हणजे विमचा पूर्वज, वापरत असे. तेव्हा ‘:एन’ने पुढची फाइल, ‘:रिवाइंड’ने पुन्हा पहिली, एवढंच. आता मुलाच्या लॅपटॉपवर विम पाहिला तर बफर, विंडो, टॅब, बरंच काही. इतक्या वाटा झाल्या कशा?
— निवृत्त अभियंता, ठाणे

उत्तर: तुमच्या दोन्ही आज्ञा आजही जशाच्या तशा चालतात, काका. कंट्रोल-६सुद्धा तुमच्याच काळातली.

बिल जॉय यांनी बर्कलीला १९७६च्या सुमारास जे लिहायला घेतलं त्यातून व्हीआय झाला. त्यांच्यापुढचा टर्मिनल एडीएम-३ए. त्याच्या कीबोर्डवर एच, जे, के, एल यांच्यावरच बाण छापलेले होते, आणि एस्केप तिथे होतं जिथे आज टॅबची किल्ली असते. घरी मोडेम ३०० बॉडचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीस अक्षरं. चोवीस ओळी गुणिले ऐंशी रकाने, असा भरलेला पडदा नव्याने काढायचा तर मिनिटभर लागे. अशा वेगात पडदा दुभंगून दोन फाइली दाखवायचा विचार कोण करेल? एक फाइल संपवायची, ‘:एन’ करायचं, पुढची घ्यायची. सुरू करताना दिलेल्या फाइलींची ती यादी म्हणजे आजची ‘:आर्ग्ज’.

विम ब्राम मोलेनार यांनी अमिगा संगणकावर सुरू केला आणि १९९१मध्ये लोकांना दिला. पडद्यावर एकाहून जास्त विंडो १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत आल्या. उभ्या चिरा, म्हणजे शेजारी-शेजारी विंडो, २००१च्या सहाव्या आवृत्तीत. टॅब २००६च्या सातव्यात. जुनं काहीच काढलं नाही, त्यामुळे तुम्हाला ही गर्दी दिसते. प्रत्येक थर त्या त्या काळच्या पडद्याला धरून आला आहे. कुठल्या थरापासून सुरुवात करायची ते ठरवता आलं की गर्दी वाटत नाही. माझ्या मते बफरपासून.

मोलेनार ऑगस्ट २०२३मध्ये गेले. नुसता विम उघडला की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ दिसते ना, ती त्यांचीच. किबाले गावातल्या मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी संस्था काढली होती. ‘:हेल्प आयसीसीएफ’ लिहिलंत की तिची माहिती तिथेच मिळते.

प्रश्न: मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. डावीकडे मूळ, उजवीकडे माझं, आणि दोन्ही बरोबर वर-खाली सरकावं असं हवं आहे. विममध्ये जमेल का? दुसरं, मराठी कीबोर्ड चालू असताना कुठलीच आज्ञा लागत नाही.
— भाषांतरकार, सातारा

उत्तर: तुमच्या कामाला विम शोभतो असं मला नेहमी वाटतं, साधा मजकूर आणि दोन फाइली. ‘विम -मोठा ओ’ आणि दोन्ही फाइलींची नावं. उभी चीर पडून दोन्ही समोर येतील. लहान ओ दिलात तर एकाखाली एक येतील, तुमच्या कामाला ते नको. मग ‘:विनडू सेट स्क्रोलबाइंड’. ‘विनडू’ म्हणजे ही आज्ञा प्रत्येक विंडोत चालव. आता एकीत खाली गेलात की दुसरीही जाते. मधेच जुळणी सुटली तर ‘:सिंकबाइंड’.

यासाठी एक शिस्त मात्र पाळावी लागते. स्क्रोलबाइंड ओळी मोजतो, अर्थ नाही. मूळ परिच्छेद म्हणजे एक ओळ, तर भाषांतरही एकच ओळ. परिच्छेदाच्या आत एन्टर मारायचं नाही, विम स्वतः ओळ दुमडतो. ‘सेट लाइनब्रेक’ घातलंत तर दुमडताना शब्द मधून तुटत नाही. मूळ आणि भाषांतर दोन्हीत शेवटच्या ओळीचा क्रमांक सारखा निघाला, तर निदान एकही परिच्छेद गळलेला नाही एवढी खात्री मिळते. माझ्या ओळखीच्या एका संपादकांना ही एकच गोष्ट इतकी आवडली की बाकीचा विम त्यांनी शिकायचा राहिला.

कीबोर्डचं कारण साधं आहे. विमला आज्ञा इंग्रजी अक्षरांत लागतात. इन्स्क्रिप्ट चालू असेल तर एच, जे, के, एल या किल्ल्यांतून प, र, क, त येतात आणि विमला त्यातलं काही कळत नाही. एस्केप दाबलं की लगेच इंग्रजी कीबोर्ड, आणि इन्सर्टमध्ये शिरताना पुन्हा मराठी, ही सवय चार-पाच दिवसांत बोटांत बसते. कीबोर्ड बदलायची किल्ली एस्केपच्या जवळची निवडा. विंडो बदलण्याआधीही कीबोर्ड इंग्रजी आहे ना बघा. जोडाक्षरं टर्मिनलात फुटलेली दिसली तर घाबरू नका, तो टर्मिनलचा आणि फॉन्टचा दोष असतो, फाइलीत मजकूर ठीक असतो. ‘:सेट फाइलएन्कोडिंग?’ विचारा, यूटीएफ-८ आलं की निश्चिंत.

प्रश्न: शाळेच्या प्रयोगशाळेत रास्पबेरी पाय आहेत. मुलांना नॅनो हा साधा एडिटर सोपा वाटतो. त्यातही दोन फाइलींत ये-जा होते का, की विमच शिकवू?
— शिक्षक, सावंतवाडी

उत्तर: होते, सर. ‘नॅनो’ लिहून दोन फाइलींची नावं द्या. ऑल्ट आणि मोठ्या-लहानचं चिन्ह, म्हणजे त्रिकोणी कंसाची किल्ली: उजवीकडचं चिन्ह पुढची फाइल, डावीकडचं मागची. नॅनो चालू असताना नवी फाइल घ्यायची तर कंट्रोल-आर, मग ऑल्ट-एफ दाबून ती वेगळ्या बफरात उघडेल असं करा, मग नाव. ऑल्ट-एफ विसरलात तर ती फाइल आत्ताच्या फाइलीच्या पोटात ओतली जाते. मुलं हसतात, पण एकदा दाखवाच. आठवीच्या मुलांना विम शिकवायची घाई नको.

प्रश्न: आमच्या महाराष्ट्र मंडळाची वेबसाइट अजून हाताने लिहिलेल्या एचटीएमएल पानांची आहे, साठेक पानं. दरवर्षी कार्यकारिणी बदलली की प्रत्येक पानाच्या तळाचा पत्ता आणि ईमेल बदलावा लागतो. मी एकेक फाइल उघडून करतो. मित्र म्हणतो सेड ही आपोआप शोधून बदलणारी आज्ञा वापर, पण काही पानांवर जुना पत्ता इतिहास म्हणून मुद्दाम ठेवला आहे, तिथे तो बदलायला नको.
— मंडळाचा कार्यकर्ता, सिंगापूर

उत्तर: मित्राचं सेड सगळीकडे आंधळेपणाने बदलेल. तुम्हाला प्रत्येक जागी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं आहे, आणि त्यासाठी विमइतकं सोयीचं दुसरं मला माहीत नाही.

आधी फोल्डरची एक प्रत काढून ठेवा. मग त्या फोल्डरात ‘विम’ आणि फुली-तारा डॉट एचटीएमएल. सगळी पानं यादीत आली की नाही ते ‘:आर्ग्ज’ने बघा, चालू फाइल चौकोनी कंसात दिसते. मग ही आज्ञा, सावकाश सांगते: कोलन, आर्गडू, जागा, टक्क्याचं चिन्ह, एस, तिरकी रेघ, जुना ईमेल, तिरकी रेघ, नवा ईमेल, तिरकी रेघ, जी सी ई, जागा, उभी रेघ, जागा, अपडेट. एन्टर.

आर्गडू म्हणजे यादीतल्या प्रत्येक फाइलीवर पुढचं चालव. टक्का म्हणजे पूर्ण फाइल. जी म्हणजे ओळीत जितक्या वेळा सापडेल तितक्या वेळा, सी म्हणजे दर वेळी विचार, आणि ई म्हणजे एखाद्या पानात काहीच सापडलं नाही तर कटकट न करता पुढे जा. ई विसरलात तर काही न सापडलेल्या पानावर एरर ऐकावी लागते. अपडेट फाइल सेव्ह करतं, पण बदल झाला असेल तरच. त्यामुळे न बदललेल्या पानांची तारीख तशीच राहते, आणि सर्व्हरवर चढवताना नेमकी कुठली पानं बदलली ते कळतं. विम विचारेल तेव्हा वाय हो, एन नाही. क्यू म्हणजे या पानावर पुरे, पुढच्या पानावर चल. ए म्हणजे या पानातले उरलेले सगळे बदल. इतिहासाच्या पानावर ए दाबू नका.

दोन खाचखळगे. शोधाच्या भागात टिंब म्हणजे ‘कुठलंही अक्षर’, आणि ईमेलमध्ये टिंबं असतातच. प्रत्येक टिंबाआधी उलटी तिरकी रेघ द्या, किंवा शोधाच्या अगदी सुरुवातीला उलटी तिरकी रेघ आणि मोठा व्ही द्या, मग टिंब टिंबच राहतं. दुसरं, वेबपत्ता बदलायचा असेल तर त्यातच तिरक्या रेघा असतात आणि विम गोंधळतो. तेव्हा एसच्या पुढे तिरक्या रेघेऐवजी हॅश वापरा, तिन्ही ठिकाणी. आणि तळाचा पत्ता सगळ्या पानांवर एकाच फाइलीतून कसा घ्यायचा, तेही कधीतरी बघा. साठ पानांचं काम दरवर्षी करायला लागू नये.

प्रश्न: आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. यूपीएस मिनिटभर तग धरतो. वीज आली की सात-आठ फाइली, विंडोंची मांडणी, सगळं पुन्हा उभं करावं लागतं. काही उपाय?
— डीटीपी आणि वेबचं काम करणारा, बीड

उत्तर: मांडणीसाठी ‘:एमकेसेशन’. उघडे बफर, विंडो, टॅब, सगळं ‘सेशन डॉट विम’ या फाइलीत लिहिलं जातं. पुन्हा सुरू करताना त्याच फोल्डरातून ‘विम -मोठा एस’. दुसऱ्यांदा जतन करताना उद्गारचिन्ह लागतं, कारण फाइल आधीच असते. हे उद्गारचिन्ह निर्धास्त लावा. सकाळी मांडणी लागली की एकदा, जेवायला उठताना एकदा. प्रत्येक कामाच्या फोल्डरात वेगळं सेशन ठेवलंत तर एकाच्या फाइली दुसऱ्यात येत नाहीत. ज्या जागी वारंवार जावं लागतं तिथे मोठ्या अक्षराची खूण करा: एम आणि मोठा ए. मग कुठल्याही फाइलीतून एकेरी अवतरणचिन्ह आणि मोठा ए, की त्या फाइलीच्या त्या ओळीवर. विम नीट बंद झाला असेल तर या खुणा पुढच्या वेळीही टिकतात. वीज जाऊन बंद पडला तर त्या दिवशीच्या नव्या खुणा धरून चालू नका.

सेशनमध्ये मजकूर नसतो, फक्त मांडणी असते. न सेव्ह केलेला मजकूर स्वॅप फाइलीत सापडतो. दोनशे अक्षरं टाइप झाली किंवा चार सेकंद हात थांबला की विम तिच्यात लिहितो, त्यामुळे जातं ते फार थोडं. वीज आल्यावर फाइल उघडलीत की वर इचलकरंजीच्या मुलीला दिसतं तेच ‘अटेन्शन’ दिसेल, पण या वेळी ‘स्टिल रनिंग’ नसेल. इथे आर दाबा. सापडलेला मजकूर आधी ‘:डब्ल्यू’ आणि वेगळं नाव देऊन सेव्ह करा, मूळ फाइलीशी ‘विम -डी’ लावून ताडून बघा. बंद कंस आणि सी पुढच्या फरकावर नेतो. पटलं की मूळ फाइलीवर घ्या आणि जुनी स्वॅप फाइल पुसा, नाहीतर तोच संदेश उद्या पुन्हा येईल. आणि काम दूरच्या सर्व्हरवर असेल तर एसएसएचने शिरल्याबरोबर टीमक्स, म्हणजे जोडणी तुटली तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम, चालू करून त्याच्या आत विम उघडा. तुमच्याकडची वीज गेली तरी तिकडचा विम चालूच राहतो, ‘टीमक्स अटॅच’ केलंत की कर्सर होता त्याच ओळीवर.